मधला श्वास

क्लॅरिनेट वाजवताना तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तेजलने श्वास घेतला आणि यशश्रीची बोटं पियानोवर थांबली.

कागदावर तिथे थांबा नव्हता. अख्खी ओळ एका दमात वाजवायची होती. पण धवल तिथे श्वास घ्यायचा. लहानपणी न्यूमोनिया झाल्यापासून त्याला तेवढा दम पुरत नसे. तो बारीकसा आवाज यशश्री तीन वर्षं या रिकाम्या खोलीत ऐकत होती.

"चुकलं का माझं?" तेजलने विचारलं.

"नाही. पुन्हा घे, सुरुवातीपासून."

यशश्री पियानोवर, तिचा नवरा धवल क्लॅरिनेटवर आणि त्यांचा मित्र देवव्रत चेलोवर. नाशकात असलं वाजवणं ऐकायला तीस माणसं जमली तरी तिघं खूश असत. मग तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला. धवलची स्कूटर पुलापाशी सापडली. धवल सापडला नाही.

यशश्री वाट पाहत राहिली. देवव्रत रोज संध्याकाळी येऊन बसायचा. "तो गेला, यशश्री," म्हणायचा. "किती दिवस अशी दाराकडे बघत बसणार?" शेवटी मागच्या महिन्यात तिने ऐकलं. रामकुंडावर दर्भाचा पुतळा करून धवलचे अंत्यसंस्कार केले. देवव्रत शेवटपर्यंत तिच्या शेजारी बसून होता. दिवाळीनंतर ती त्याच्याशी लग्न करणार होती.

त्याआधी तिघांची अर्धवट राहिलेली रचना एकदा पुरी व्हावी, असं तिच्या मनात होतं. देवव्रतला न सांगताच तिने क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची चौकशी केली. विंचूरहून ही मुलगी आली.

तेवढ्यात देवव्रत आला. चेलोची पेटी खांद्यावर तशीच ठेवून तो दारात थबकला.

तेजल उठून उभी राहिली. "नमस्कार सर."

"ही कोण?" त्याने यशश्रीला विचारलं.

तेजल जरा गोंधळली.

"आपली तिसरी," यशश्री म्हणाली. "ऐक तर."

तीच ओळ, तोच श्वास. देवव्रतचा चेहरा उतरला. यशश्रीला उलट हायसं वाटलं. म्हणजे हा भास नव्हता, त्यालाही ते ऐकू आलं होतं.

"ही नको," तो म्हणाला. "दुसरं कुणी बघू. मी सोडून येतो हिला स्टँडवर."

"थांब." यशश्री तेजलकडे वळली. "तिथे श्वास घ्यायला कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या सरांनी. ही ओळ वाजवताना ते स्वतः तिथेच घेतात."

"नाव काय त्यांचं?"

तेजल घुटमळली. "गावात कुणालाच माहीत नाही. विचारलेलं त्यांना आवडत नाही." मग तिने देवव्रतकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा ना, सर. तुम्ही तर दर महिन्याला त्यांना भेटायला येता."