पाय नॉर्मल

मे महिना. लोकरीचे मोजे, मुलाने, कुशलने, मनालीहून आणलेले.

टोकन सदतीस.

नवऱ्याचे गमबूट, वाडीत पाणी लावताना घालायचे.

केसपेपरवर तीन तारखा आणि तिन्हींपुढे एकच शेरा: पाय नॉर्मल, झोपेची गोळी.

हे सगळं घेऊन चंद्रकांता दवाखान्याच्या बाकावर दात आवळून बसली होती. मोजे पायांत, त्यावर गमबूट, टोकन मुठीत, केसपेपर मांडीवर. शेजारी तिच्याच आळीतली फ्लॉसी, बीपी तपासायला आलेली.

"गमबूट? या उकाड्यात? चंद्री, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोक्याचंच बघतायत सगळे. आज पाय दाखवायचेत."

पाय तिचे वाटेल तेव्हा पेटायचे; ऊब लागली किंवा फार चाललं की हमखास. लालबुंद, तुकतुकीत, निखाऱ्यावर ठेवल्यासारखे. घरी ती बादलीत पाय सोडून बसायची. दवाखान्यात मात्र नंबर लागेपर्यंत पंख्याखाली लाली उतरायची आणि डॉक्टरांपुढे दोन साधे, शहाण्यासारखे पाय जायचे. आज तिने ते मुद्दाम पेटवून आणले होते.

फ्लॉसीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "काढ गो ते. रडतेयस तू."

"रडू दे. काढणार नाही."

"सदतीस!"

डॉक्टरांनी मान वर केली नाही. तरुण होते, कुशलपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठे. "बोला मावशी. गोळी चालू आहे ना? घरात काही टेन्शन?"

"आहे. तुमचं."

खुर्चीत बसून तिने गमबूट उपसला, मोजा ओढून काढला आणि उजवा पाय उचलून टेबलावर ठेवला. तिच्याच केसपेपरवर.

"ओ मावशी, पाय खाली!" दारातली सिस्टर ओरडली.

चंद्रकांताने तिच्याकडे बघितलंही नाही. "हात लावा," ती डॉक्टरांना म्हणाली.

"मावशी, हे असं..."

"तीनदा आले. एकदाही हात लावला नाहीत. लावा."

डॉक्टरांनी हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला. या वेळी बराच वेळ. घोट्याखाली पाय लाल होता, घोट्याच्या वर नेहमीसारखा.

"असं किती वेळा होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

डॉक्टर दाराकडे वळले. "सिस्टर, गार पाणी आणा. लवकर."

"आधी लिहा," चंद्रकांता म्हणाली. तिने टेबलाची कड घट्ट धरली. "काय दिसलं ते लिहा. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहा. मग पाणी."

"अहो, तुम्हाला त्रास होतोय..."

"हेच लिहा."

डॉक्टरांनी पेन उघडलं. केसपेपर तिच्या टाचेखाली होता. तिने टाच उचलली, तो त्यांना ओढून घेऊ दिला आणि टाच पुन्हा टेबलावर टेकवली.

निर्मळहून, आपल्या गावाहून, ती भर उन्हात मुद्दाम चालत आली होती. स्कूटर घरी दारातच उभी होती.