नकारावर काम

“बिस्कीट घेणार?” मॅडमनी बशी पुढे केली.

“हो,” नन्या म्हणाला.

आईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. नन्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कुठल्याही प्रश्नाला आधी ‘नाही’ म्हणायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा शिरस्ता; म्हणून घरात सगळे त्याला नन्याच म्हणत. अंघोळ? नाही. जेवण? नाही, आणि मग ताट ओढून सगळ्यांच्या आधी सुरुवात. त्याच्या बहुतेक ‘नाही’ला काही अर्थ नसायचा. लोक फोन उचलून ‘हॅलो’ म्हणतात, तसं ते होतं. अधूनमधून एखादं ‘नाही’ खरं असायचं. ते कुठलं, हे आईला आवाजावरून कळायचं.

“बघा,” मॅडम मामाला म्हणाल्या. आलेल्या माणसांत निर्णय कोण घेतं, हे केंद्राच्या संचालिका म्हणून त्यांना दारातच कळत असे. “महिन्याभरात नन्नाचा पाढा बंद. आम्ही त्याच्या नकारावर काम केलं.”

“कमाल आहे. आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही.”

“घरच्यांना नाही जमत. माया आड येते.”

आईचं ऑपरेशन होतं म्हणून महिनाभर त्याला विशेष मुलांच्या या केंद्रात ठेवलं होतं. आता टाके निघाले होते आणि ती त्याला न्यायला आली होती. पण मधल्या काळात केंद्रात कायमची एक जागा रिकामी झाली होती. कशी झाली ते मॅडमनी सांगितलं नाही, मामानं विचारलं नाही. मागणी भरपूर, तेव्हा होय की नाही ते आजच कळवायचं होतं. मामाचं गाडीतच ठरलं होतं. ताई, तू काय त्याला जन्मभर पुरणार आहेस का, असं त्यानं येताना प्रत्येक सिग्नलला विचारलं होतं. आईचं ठरत नव्हतं. गेला महिनाभर तिला रात्रीची सलग झोप लागत होती, आणि हे तिनं सख्ख्या भावालासुद्धा सांगितलं नव्हतं.

“त्यालाच विचारू की,” मामा म्हणाला. “काय रे, इथंच राहणार?”

“हो.”

“चला, मिटलं.”

आईनं विचारलं, घरी यायचं का. तर त्यालाही हो.

मामाला गंमत वाटली. नन्याला आपला फ्लॅट देऊ करणं हा त्याचा जुना विनोद होता. उत्तर ठरलेलं असल्यामुळे तो बिनधास्त विचारायचा. आताही त्यानं विचारलं, फ्लॅट तुझ्या नावावर करू का. नन्या हो म्हणाला. मामाचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

दाराशी उभे असलेले केंद्रातले काका मात्र मनापासून हसले. नन्याची देखभाल त्यांच्याकडे होती. हळू बोलणारा, स्वच्छ कपड्यांतला माणूस. विचारो कुणीही, नन्या उत्तर देताना बघत होता त्यांच्याकडे.

ते आईच्या लक्षात आलं. तिनं खुर्ची पुढे ओढली.

“तुला इथं कुणी मारतं का रे?”

मॅडमनी कप खाली ठेवला.

“हो,” नन्या म्हणाला.

“कुणी मारत नाही ना?”

“हो.”

मॅडमनी कप पुन्हा उचलला. या मुलांच्या अशा उत्तरांवर विसंबता येत नाही, हे त्यांनी मामाला सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. हे मूल रोज दाढी करायच्या वयाचं होतं. मामाला पटलं. इथं राहण्याबद्दलचं उत्तर तेवढं धरायचं होतं.

आईनं नन्याचा हात हातात घेतला. नखं व्यवस्थित कापलेली होती, दहाच्या दहा. घरी एका हाताची कापायची तर दोन माणसं लागायची, आणि तिसरं शेजाऱ्यांना उत्तर द्यायला.

“एकदा नाही म्हण,” ती हळूच म्हणाली. “माझ्यासाठी. नाही म्हण, राजा.”

नन्यानं काकांकडे पाहिलं. मग मॅडमकडे. मग बराच वेळ आईकडे.

“नाही,” तो म्हणाला.

आवाज बारीक झाला होता, पण त्याचाच होता. आईचे डोळे भरून आले. मामासुद्धा ‘वा रे पठ्ठे’ म्हणाला.

नन्या उठला. त्यानं चपला काढल्या आणि खुर्चीखाली जोडीनं लावून ठेवल्या. काकांना वळसा घालून तो बाहेर पडला. समोरच, बोळाच्या पलीकडे, बादल्या आणि खराटे ठेवायची अरुंद खोली होती. तिच्या दिव्याचं बटण बाहेर होतं. ते त्यानं स्वतःच बंद केलं, बादल्या न पाडता आत शिरला, आणि दार आतून ओढून घेतलं.

मॅडमनी बशीतली बिस्किटं नीट लावली. मामा खोलीतली दुसरी कुठली तरी वस्तू शोधू लागला, बघायला.

थोड्या वेळानं दारामागून नन्याचा आवाज आला. आज उशीर का होतोय, ते त्याला समजत नसावं.

“काका, कडी.”

“हो, हो,” म्हणत काका लगबगीनं गेले, आणि कडी लावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघताहेत.