पोरांची पंगत

"आधी पोरांची पंगत!" वैदेहीकाकूंनी गॅलरीच्या टोकाकडून आवाज दिला आणि अख्ख्या मजल्यावरची चिल्लीपिल्ली भिंतीला पाठ लावून धपाधप खाली बसली. सत्यनारायणाची आरती आटपली होती, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास जिन्यापर्यंत पोचला होता. आता कुणाला धीर असणार?

सलोनी दाराआड उभी होती. सोळा वर्षांची. आईनं, शेवंतीनं, तिला कोपरानं ढोसलं. "जा गो. लहानग्यांना घेऊन बस. काकू बघतायत."

काकूंनी बघावं, म्हणूनच तर सगळा खटाटोप. काकूंची तळमजल्यावर बालवाडी होती आणि सोमवारपासून सलोनीला तिथं मदतीला घ्यायचं त्यांच्या मनात होतं. सुधारगृहाच्या मॅडमही शेवंतीला हेच सांगून गेल्या होत्या. पोरीला काम द्या, चारचौघांत मिसळू द्या, रुळेल. पण सुधारगृहाचं चाळीत कुणाला ठाऊक होतं? सलोनीच्या बॅगेत सापडलेले, दुसऱ्यानं ठेवायला दिलेले चोरीचे मोबाईल, पोलीस, कोर्ट, सगळं शेवंतीनं पोटात ठेवलं होतं. चाळीच्या लेखी सलोनी आठ महिने कुडाळला मावशीकडे शिकत होती.

सलोनी मनूच्या शेजारी जाऊन बसली. मनू चार वर्षांची, प्रश्नांची गिरणी.

"ताई, कुडाळला आंबे होते?"

"होते की."

"मग आणले का नाहीस?"

पाणी वाढत आलेले हितेंद्रकाका मध्येच म्हणाले, "आणणार कुठून? सगळे हिनंच खाल्ले. पण काय गं, आठ महिने आंबे खाऊन एवढी बारीक कशी? मावशी उपाशी ठेवायची काय?"

सगळे हसले. शेवंती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"बारा आहेत का तेरा रे?" काकू पत्रावळींचा गठ्ठा सोडत ओरडल्या. "ए, हलू नका. ओळीनं आपापला नंबर सांगा बघू पटापट!"

"एक!"

"दोन!"

"तीन!" पाचावर दोघांची मारामारी झाली, एकाला गुपचूप सहा व्हावं लागलं. "सात!"

आणि सलोनी उठली. उठली म्हणजे ताडकन. टाचा जुळवून, हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून.

"आठ, हजर, मॅडम."

तिकडे सुधारगृहात जेवणाआधी रोज असंच असायचं. दोन्ही वेळा. आपण उठलोय हे तिचं तिलासुद्धा कळलं नाही.

हितेंद्रकाकांच्या हातातल्या जगमधलं पाणी पेला भरून लादीवर वाहत राहिलं. शेवंतीनं शिऱ्याच्या पातेल्याचा काठ नुसत्या हातानं धरला होता आणि तो गरम आहे हे तिच्या ध्यानातच येत नव्हतं.

मनूला मात्र ते जाम आवडलं. तीही टुणकन उठली. हात पाठीमागे, मान खाली. "नऊ, हजर, मॅडम!"

मग दहा उठला, अकरा उठली. बारा, तेरा. ज्यांचे नंबर आधीच सांगून झाले होते तेही पुन्हा उभे राहिले. अख्खी ओळ हात मागे बांधून, माना खाली घालून खुसूखुसू हसत उभी. हसत नव्हती ती एकटी सलोनी.

काकूही हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, आणि मग शेवंतीकडे.

"कुडाळच्या शाळेत असं शिकवतात होय गं?"

"शिस्त... शिस्त भारी असते वहिनी तिकडं."

"हं." काकूंनी तेरा पत्रावळी मोजून वेगळ्या काढल्या. "सोमवारचं राहू दे मग. मी कळवेन तुला."

पोरं बसली. पत्रावळी मांडल्या, भात पडला, सांबारं पडलं, शिऱ्याची मूद पडली. आठव्या पत्रावळीवरही सगळं वाढून झालं. सलोनी तिच्यापुढे तशीच उभी होती. शेवंती डोळ्यांनी खुणावत होती, पण सलोनीनं वर तर बघायला हवं! बाकीची मोठी माणसं उगाचच कुणाला मीठ वाढ, कुणाला लिंबू वाढ करत होती.

मनूनं मान वर करून पाहिलं. तिच्या लेखी खेळ अजून चालूच होता. तिनं काकूंसारखा आवाज जाड केला आणि शिऱ्यानं माखलेलं बोट सलोनीवर रोखलं.

"आठ नंबर, बस!"

सलोनी बसली.