तांबडी भाकर

ताट जसंच्या तसं परत आलं. भाकरीचा एक कोपरा तेवढा मोडला होता, आणि तोही ताटातच पडला होता. वीरण्णानं सुनेकडं पाहिलं. उमादेवीनं मान हलवली.

"एक घास बी न्हाई घेतला, मामा."

वीरण्णाच्या बायकोनं, गुरम्मानं, जेवण सोडून महिना होत आला होता. दोन घोट दूध घेतलं की झालं. डॉक्टरनं तपासून सांगितलं, दुखणं काही नाही, मन रमवा. आता मन रमवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? लातूर जिल्हा झाला तसा वीरण्णा रेणापूर सोडून इथं आला. धान्याचं दुकान टाकलं, ते चाललं, सिमेंटचं घर उभं राहिलं. यंदा पुन्हा दुष्काळ होता, गल्लीत पाण्याचा टँकर येत होता, पण याच्या घरात शाळूची पांढरीशुभ्र ज्वारी पोत्यानं होती. सकाळची लिंगपूजा उरकली की तो दुकानात जाई, तो दिवे लागल्यावर परत येई. बायकोला आणखी काय हवं असतं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

परवा गुरम्मा आपणहून बोलली होती. "बाहत्तरच्या दुष्काळातली ती तांबडी भाकर खावी वाटायलीय." मग ती बोलतच राहिली. खडीच्या कामावरची खोप, दाराला गोणपाट, तीन दगडांची चूल. बोलता बोलता तिच्या तोंडावर अशी तकाकी आली, की उमादेवी हातातलं काम टाकून ऐकत बसली.

वीरण्णाला मात्र ते झोंबलं. त्या साली रेणापूरचं दुकान बसलं, पोराला आजोळी धाडलं आणि दोघं नवराबायको खडी फोडायला गेली. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. पिठाला चिकटपणा म्हणून नाही, भाकरी थापली की चिरायची. तसली भाकर पुन्हा बायकोच्या ताटात पडू नये, म्हणून तर त्यानं ऊर फुटेस्तोवर पोती वाहिली. आणि हिला तीच हवी! गेलेल्या दिवसांत रमणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं त्याचं ठाम मत होतं. पण बायकोच्या उपासापुढं मत किती टिकणार? मोंढ्याच्या बाजारात गुरांच्या खाद्यासाठी आलेली तांबडी ज्वारी त्यानं हुडकली. लोक हसले, ते सोसलं. दळून आणली, सुनेकडून भाकरी करवून घेतली. तेच ताट आता परत आलं होतं.

तो तरातरा आतल्या खोलीत गेला. "मागितलीस ती दिली. आता तरी खा की गं!"

गुरम्मा भिंतीला टेकून बसली होती. "उमाची भाकर लई चांगली झाली हाय. तिला बोलू नका."

"मग?"

ती आपल्या तळव्यांकडं बघत राहिली. "खडी फोडून माज्या हाताला फोड आले हुते. तवा भाकरी कोण थापायचं?"

वीरण्णाच थापायचा. बाप्या माणसाला भाकरी थापताना कुणी पाहिलं तर गावभर होईल, म्हणून तो आधी खोपीचा गोणपाट खाली सोडायचा आणि मग परातीपुढं बसायचा. तव्यावर टाकताना भाकर हमखास तुटायची. गुरम्मा तोंडाला पदर लावून हसायची. मग तो तुकडे फुंकून फुंकून तिला भरवायचा, कारण तिला घास धरवत नसे. हे सगळं तो विसरून गेला होता. त्या सालाची लाज तेवढी त्यानं सांभाळून ठेवली होती.

"ती तांबडी भाकर मला तवाबी गिळवत नव्हती," गुरम्मा म्हणाली. "तुमी जवळ बसायचात, म्हणून उतरायची."

वीरण्णा माघारी वळला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि परातीपुढं मांडी घातली.

"शाळूचं पीठ दे," तो सुनेला म्हणाला.

गुरम्मा भिंतीच्या आधारानं येऊन उंबऱ्यापाशी बसली. पहिली भाकर तव्यावर जाता जाता तुटली आणि तिला हसू फुटलं. उघड्या दाराबाहेर ओट्यावर गल्लीतल्या बायका टँकरची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्या माना वळल्या, तशी उमादेवी घाईघाईनं दार लोटायला उठली.

"राहू दे उघडं," वीरण्णा म्हणाला.