निनावी पत्र

फेलिसाने सलग तिसऱ्या दिवशी डबा उघडला नाही. कोरीनने आपला अर्धा बरीटो तिच्यापुढे सरकवला.

"खा गं. अशाने आजारी पडशील."

"हातातोंडाशी आलेला घास गेला, बाई. कोण मेला वाईटावर होता, देव जाणे!"

कोरीनने मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तक्रार तिनेच केली होती.

प्वेब्लोतल्या या मिरच्या भाजून डब्यात भरायच्या कारखान्यात कोरीनची एकोणीस वर्षं गेली होती, फेलिसाची बारा. पाळीच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली. कोलोरॅडोचा कायदा सरळ आहे. बढतीची जागा आधी पगारासकट सगळ्यांना कळवायची, मग माणूस निवडायचा. मॅनेजर डेल मात्र जुन्या वळणाचा. आधी केक कापून नाव जाहीर करू, कागद मागाहून करू, असा त्याचा खाक्या. फलकावर काही लागलंच नाही. फेलिसा पंधरा दिवस त्याच्या केबिनमध्ये जा-ये करत होती आणि कोरीन दिसली की दोघं गप्प व्हायची.

कोरीनचं डोकं फिरलं. तिने राज्याच्या कामगार खात्याला निनावी पत्र धाडलं.

नाव जाहीर होण्याआधीच निवड रद्द झाली. कंपनीच्या वकिलाने डेलला आणि फेलिसाला तोंड बंद ठेवायची तंबी दिली. रीतसर जाहिरात लागली, बाहेरूनही अर्ज आले.

"तू तरी भर की अर्ज," फेलिसा दोनदा म्हणाली. पण कोरीन कुठल्या तोंडाने भरणार? फेलिसानेही भरला नाही. रुसली असेल, असं कोरीनने धरलं. सोमवारी ती जागा डेन्व्हरच्या एका पदवीवाल्याला गेली. तेव्हापासून कोरीनलाही घास गिळवत नव्हता. बारा वर्षांच्या मैत्रिणीचं आपण वाटोळं केलं, हे तिला सहन होईना.

"फेलिसा, हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण ऐक. ते पत्र माझं होतं."

फेलिसा तिच्याकडे बघतच राहिली.

"तुझं? अगं, का?"

"जळले मी तुझ्यावर. सात वर्षं मागून आलीस आणि बढती तुला मिळत होती."

फेलिसाने डोळे पुसले.

"मला नव्हती मिळत, वेडे," ती म्हणाली. "पंधरा दिवस डेलच्या मागे लागून मी तुझं नाव पक्कं करून घेतलं होतं."