पाचव्याची गोष्ट

रविवारी दुपारी चार वाजता सायोकोने होनामीचा गेम सुरू केला. होनामीला, तिच्या धाकट्या बहिणीला, जाऊन त्या दिवशी बावन्न दिवस झाले होते.

प्रेमकथेचा गेम होता. नायक पाच, प्रत्येकाची गोष्ट वेगळी. चौघांच्या गोष्टी दोघींनी शेजारी बसून संपवल्या होत्या. सर्वांत आवडता नायक शेवटी ठेवायचा, हा होनामीचा नियम.

"ताई, पाचवा दोघींनी मिळून. एकटीने उघडलास तर बघ!"

"पुढच्या सुट्टीत येते गं," सायोको म्हणाली होती. अशा तीन सुट्ट्या गेल्या.

गेममध्ये एक बटण असतं. वाचून झालेल्या ओळी ते भराभर पुढे नेतं आणि न वाचलेल्या ओळीवर थांबतं. पाचव्याची गोष्ट अजून कोणी उघडलेली नव्हती. सायोकोने सवयीने बटण दाबलं. ओळी पळाल्या, त्या थेट जत्रेच्या प्रसंगापाशी थांबल्या.

"आई, हे तू खेळतेस?"

"मला ते यंत्र चालू तरी करता येतं का? तिच्या फोटोपुढे ठेवलंय, तिथंच असतं."

पुढच्या रविवारी ओळी बंदरापर्यंत पळाल्या. त्याच्या पुढच्या रविवारी स्टेशनपर्यंत. तिथे शेवटचा प्रश्न होता. नायक गाडीत चढलेला, आणि उत्तरं दोन: ‘तू जा’, ‘थांब, मीही येते’. उत्तर दिलं की गोष्ट संपते. सायोकोने दिलं नाही.

दोन रविवार उत्तर निवडायची खूण ‘तू जा’वरच होती; सायोकोने ती हलवली नव्हती.

आज चार वाजता उघडलं, तर खूण ‘थांब, मीही येते’वर होती.