फुलचोर

कुलपापासून कॅमेऱ्यापर्यंत दिगंबरचं सगळं घर आता मोबाईलवर चालत होतं. कॅमेऱ्याची पहिली क्लिप आली आणि तो खो-खो हसला. कंपाउंडच्या भिंतीवरून एक सुरकुतलेला हात जास्वंद तोडत होता. सायरन कोकलला तशी फुलं खाली सांडली.

हात शेजारच्या यमूमावशीचा. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा याच हातानं त्याला भरवलं होतं. देवाला फुलं ती कायम इथूनच न्यायची. तरी या शहाण्यानं "फुलचोर सापडली!" असं लिहून क्लिप कॉलनीच्या ग्रुपवर टाकली. सगळी कॉलनी खिदळली.

दुसऱ्या दिवशी मावशी फिरकली नाही. जास्वंदी झाडावरच सुकल्या. तेव्हा कुठे ताटलीभर फुलं घेऊन तो तिच्या दारात गेला.

"मावशी, गंमत केली गं. घे की फुलं."

"नको बाबा. जावयाचा फोन आला होता. फुलांना पैसे पाठवू का, विचारत होता."

"मी कॅमेराच काढून टाकतो."

"कशाला? चांगला आहे की. मी तुझी कोण लागते, ते मला इतकी वर्षं कुठं दिसलं होतं?"

एवढं बोलून तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं.